मल्लाप्पाच्या गाडीखालची पेटी

५ ऑक्टोबर १९६४
पेटी तयार. आत ट्रान्झिस्टरचा ट्रान्समीटर, ठाण्यातल्या रेडिओवर सारखी ‘टुंई’ पाठवतो. चंदनचोर मल्लाप्पाच्या गाडीखाली बांधली की तो कुठे जातो ते ठाण्यात बसल्या बसल्या कळणार. अख्ख्या बेंगळुरात कोणाला सुचलं नव्हतं! सब-इन्स्पेक्टरचा इन्स्पेक्टर होणार हे नक्की. खांद्यावरचा तिसरा स्टार आजच आणला. बायको पद्मावती म्हणाली, आधी बढती तर होऊ दे. बायकांना दूरदृष्टी नसते.

७ ऑक्टोबर
मॅजिस्ट्रेटसाहेबांकडे वॉरंट मागितलं. म्हणाले, घरझडतीचं वॉरंट ठाऊक आहे, टुंईचं नाही. संशय कशावरून, कोणती गाडी, किती दिवस, पेटी कधी काढणार, सगळं लिहून आणा. ऑर्डर मिळेपर्यंत गाडीला हात लावायचा नाही. सरी, म्हणजे बरं, म्हणालो. कायदा म्हणजे कायदा.

८ ऑक्टोबर
पेटी बांधली. मी हात लावला नाही. कॉन्स्टेबल देवाप्पाने लावला.

१० ऑक्टोबर
टुंई ऐकू येते. मल्लाप्पा लांब के. आर. पुरमला असावा, किंवा इथेच बसवनगुडीत. तंत्र नवीन आहे, स्वल्प फरक पडायचाच.

१३ ऑक्टोबर
उद्या आयुधपूजा. ठाण्यात लाठ्या, बंदुका, जीप, टाइपरायटर, सगळ्यांना कुंकू लागणार. आणि आमचं खरं आयुध गाडीखाली बिनपूजेचं! अशाने यश कसं येणार? सकाळी जाऊन गुपचूप आटोपतो.

१४ ऑक्टोबर
गाडीखाली उताणा पडून कुंकू लावलं, झेंडू वाहिला. उदबत्तीने घात केला. मल्लाप्पाची आई कस्तुराबाई गाडीच्या पूजेलाच येत होती. धूर दिसताच तिने बादली ओतली. मल्लाप्पा म्हणाला, अण्णा, पूजेला आलात तर आत या की! मग त्याला पेटी दिसली. वर ठाण्याचं नाव रंगवलंय. सरकारी वस्तूवर नाव हवंच, नियम मी मोडत नाही. त्याने वॉरंट मागितलं. उद्या दाखवतो म्हणालो. प्रसादाची डाळ-काकडीची कोसंबरी छान होती.

१६ ऑक्टोबर
मल्लाप्पाने पेटी कुंकवासकट मॅजिस्ट्रेटसाहेबांपुढे ठेवली. मी सगळं लिहून दिलं होतं, वॉरंट फक्त सहीचं राहिलं होतं. साहेबांनी ते माझ्यासमोर फाडलं. मी म्हणालो, हात देवाप्पाने लावला. ते म्हणाले, मग बढती त्यालाच द्यायची का? संध्याकाळपर्यंत मल्लाप्पा गाडीसकट पसार. माझी बदली बेंगळुराबाहेरच्या बोम्मसंद्राला. फार वाईट वाटलं.

दसऱ्याला घरोघर मांडतात त्या बाहुल्या आमच्याकडे अजून मांडलेल्याच आहेत. पद्मावतीने तिसरा स्टार त्यातल्या मातीच्या शिपायाच्या खांद्यावर चिकटवला. वाया जायला नको म्हणे. आत्ता पाणी प्यायला उठलो, तर त्याला नकळत सलाम ठोकला गेला.