कानशीचे ओरखडे

४ नोव्हेंबर
आज शलाकाच्या घरी पहिल्यांदा फाटकाच्या आत पाय पडला. कॉलेजात होतो तेव्हा स्मृति नगरपर्यंत सोडायचो तिला. कॉलेज सोडलं, तेही गेलं. तिच्या बाबांच्या, म्हणजे काकांच्या, कपाटाची बिजागरी मी कामाला आहे त्या वर्कशॉपमधून नीट करून आणली, म्हणून आत.
कपाट चाकूंचं. सगळे घडीचे, मखमलीवर झोपवलेले. काका प्लांटमधून रिटायर झाल्यापासून त्यांचा हाच संसार. आधी मले हात धुवायला लावले, मग एक दिला. पातं उघडलं की कट्, एकच आवाज.
"बेटा, पात्याला बोट नको. घामाचा डाग पडतो."
"काका, याच्यानं कापता काय?"
"कापलं की गेला तो. मग त्याला कोण विचारतं."
म्हणजे मोजकेच बनले, पुन्हा बनणार नाहीत, आणि कोणी वापरला नाही. एवढ्यावर सगळा मान. मीही एकच बनलो आहे. मले कोणी मखमलीवर ठेवून नाही राहिलं.

९ नोव्हेंबर
श. जुनवानीच्या चौकात भेटली. काकांच्या कपाटात एक जागा रिकामी आहे म्हणे. नागपूरकडच्या एका कारागिराचे चाकू, बीजा लाकडाची मूठ. एकदाच केले त्यानं, थोडेसे, प्रत्येकावर नंबर ठोकून. मग डोळे गेले, काम बंद.
"दोन वर्षं झाले, बाबा झुरून राहिले त्याच्यासाठी. जेवताना फोनवर फोटो पाहतात."
काका चाकूसाठी झुरले तर शौक. मी त्यांच्या पोरीसाठी झुरलो तर आवारा.
जाता जाता म्हणाली, "डिसेंबरात पुण्याहून पाहुणे येणार आहेत. मला पाहायला." साध्या आवाजात. जसं काही गॅसवाला येणार आहे.
दगडाला लाथ मारली. अंगठा सुजला.

१४ नोव्हेंबर
तो चाकू सापडला. बाबांसोबत रेल्वेत गार्ड होते ते तुमाने काका, दुर्गला. त्यांच्या पेटीत, डबीतच पडलेला. भाच्यानं दिला होता, त्यांनी वरचा कागदही काढला नव्हता. "मले काय करायचा," म्हणाले. पण नजर बाहेर, माझ्या मोटरसायकलवर. नातवाले पाहिजे होती.
दिली. ऑटोनं घरी आलो.
आई: "गाडी कुठी आहे रे?"
"दिली."
"कावून?"
सरांच्या अंगावर व्हायवाची फाईल फेकून कॉलेज सोडलं, तेव्हापासून बाबा माझ्याशी आईमार्फत बोलतात. आज म्हणाले, "त्याले विचार, पायातले जोडे तरी आणले का घरी."

१५ नोव्हेंबर
उजेडात नीट पाहिला. मूठ तांबूस, हातात बसते. पण पातं. मुठीपासून टोकापर्यंत तिरके ओरखडे, कानस मारून तसंच सोडल्यासारखे. आमच्या शॉपमधून असा जॉब गेला तर साहेब परत तोंडावर फेकतात. हे घेऊन जाऊ काकांसमोर?
शिफ्ट सुटल्यावर बफवर, पॉलिशच्या फिरत्या चाकावर, धरला. फोरमन म्हणे, "क्या चमका रहा है बे, बारात निकलनी है क्या?" मीही हसलो.
आरसा झाला. एक रेघ नाही. इतकं साफ काम मी आजपर्यंत केलं नव्हतं.

१७ नोव्हेंबर
लिहवत नाही. तरी.
काकांनी हात धुतले. डबी खिडकीच्या उजेडात नेऊन उघडली. श. दारात, हातात चहाचा ट्रे. मग पातं उघडलं आणि त्यांचं तोंड...
"बफ मारला?"
"हो."
"कोणी?"
"मीच. फार ओरखडे होते काका."
ओरडले असते तर बरं झालं असतं. हळू म्हणाले, "त्याच्या हाताचे होते ते. मशीन लावत नव्हता तो, कानशीनं घासून सोडायचा. शेवटी दिसेनासं झालं, तशा रेघा तिरक्या गेल्या. त्या रेघांसाठी तर सगळे मरून राहिले." पातं मिटलं. "आता हा कुणाचाही आहे."
श. म्हणाली, "बाबा, त्यानं गाडी दिली याच्यासाठी."
"याच्यासाठी कुठे दिली," काका म्हणाले, आणि तिच्याकडे पाहिलं.
चहा तसाच राहिला. चाकूही तिथंच राहिला.

२० नोव्हेंबर
फोरमनशी वाजलं. बफ मशीनला हात लावणार नाही म्हटलं.
मग श.ला फोनवर नाही नाही ते बोललो. चार रेघांसाठी तुझा बाप माणसाला उठवून लावतो. आणा तो पुण्याचा, डबीतला, कागदासकट, एकदाही न वापरलेला.
ती म्हणाली, "तू जे हातात घेतो ते घासून टाकतो. कॉलेजचंही तेच केलं. मग विचारतो, माझं काय चुकलं." फोन ठेवला.
मी कॉलेजले नाही घासलं, कॉलेजनं मले घासलं. हे तेव्हा सुचायला पाहिजे होतं.

७ डिसेंबर
पाहुणे आज. सुट्टी होती, तरी वर्कशॉपला गेलो. कुलूप. फिरत राहिलो, स्मृति नगरची बाजू सोडून.

८ डिसेंबर
श.चा फोन. पोरगा बरा आहे म्हणाली, नाव ठेवायला जागा नाही. काकांनी "कळवतो" म्हणून पाठवलं त्यांना.
"आणि तू काय सांगितलं?"
"मी पोहे केले."
मग म्हणाली, चाकू कपाटात ठेवला नाही. बाबांच्या सदऱ्याच्या खिशात असतो. सकाळी अंगणात बसून पेरू कापतात त्यानं. काल पाहुण्यांसमोरही कापला आणि चिकट पातं पायजम्याला पुसलं. पोरानं विचारलं, "भारीतला दिसतो?" बाबा म्हणाले, "होता."
मले हसू आलं नाही. ती हसली.
"अजून एक. बाबा म्हणतात, बफनं धार गेली. पेरू दबतो, कापत नाही. ज्यानं घालवली त्याला म्हणावं, रविवारी ये."
धार लावायला बोलावलं का अजून कशाला, ते ती बोलली नाही. मीही विचारलं नाही. विचारलं असतं तर तोंडातून वाकडंच निघालं असतं.
धारेचा दगड पिशवीत टाकला. काढला. फाटकावरच बसवलं आणि काम झाल्यावर जा म्हटलं तर. परत टाकला. पातं दगडावर घासलं की त्याच्यावर रेघा पडणारच. या वेळी माझ्या.