शेतातली पांढरी रेघ

डोंगरपाडा, ता. नवापूर
३ ऑक्टोबर २०२५

चि. प्रिस्किला हीस,
अ. उ. आ. आणि प्रभूत सलाम. इथल्या रेंजचं तुला माहीतच आहे, म्हणून पत्र.

तुझा लाडका भाचा लखन सायकलवाल्यांच्या नादी लागलाय. कुणी योगेंद्र येतो. म्हणे, शहरातले लोक जाड चाकांच्या सायकली घेऊन आपल्या डोंगरात फिरतील, गावात जेवतील. अगं, चांगला डांबरी रस्ता सोडून दगडधोंड्यांतून सायकल हाकायला कोण शहाणा येईल? मला हे काही सरळ दिसत नाही. गेल्या आठवड्यात दोघांनी आपल्या वरच्या शेतातून सायकलींच्या वाटेची खूण म्हणून चुन्याची रेघ मारली. ती बघून आईने धसकाच घेतला. तिच्या लहानपणी धरणवाल्यांनी अशीच रेघ मारली आणि मग गाव पाण्याखाली गेलं. आता ती दिवसभर शेत राखत बसते. तू नंदुरबारला नर्स, चार लोकांत वावरतेस. जरा चौकशी कर.

आशीर्वाद आहेतच.
योसेफदादा


नंदुरबार
१० ऑक्टोबर

ती. दादास,
सा. न. वि. वि. योगेंद्र खरोखरच सायकलवाला आहे. तोरणमाळच्या उतारावर पडलेली त्याची माणसं गुडघे फोडून आमच्याच दवाखान्यात येतात, आता तरी विश्वास ठेव! हे जमलं तर यंदा गुजरातेत ऊसतोडीला जाणार नाही, असं लखन मला म्हणाला. आईला नीट समजाव. तूच तिच्यापेक्षा घाबरट! पण वाट आपल्या शेतातूनच का, ते लखनला विचार. तेवढं मलाही खटकलंय.

माया राहू दे.
तुझी प्रिस्किला


डोंगरपाडा
९ नोव्हेंबर

चि. प्रिस्किला हीस,
अ. उ. आ. गेल्या रविवारी सायकलवाल्यांची पहिली फेरी होती. पहाटेच आईने खराट्याने सगळी रेघ पुसली. मी बघितलं, पण अडवलं नाही. संशय माझ्याही मनात होता. माणसं भलत्याच घळीत उतरली, एका मुलीचा हात मोडला. योगेंद्र चिडून निघून गेला. मग मी लखनला तुझा प्रश्न विचारला. तो म्हणाला, उतरल्यावर पाहुण्यांनी आधी आजीच्या दारात जेवावं, म्हणून वाट तिथून काढली.

रेघ आजीने पुसली हे त्याला कळलं. दुसऱ्या दिवशी मुकादमाच्या गाडीत बसून ऊसतोडीला गेला. मला फार वाईट वाटतंय.

आई आता शेताकडे फिरकत नाही. काल म्हणाली, प्रिस्किलाला लिही, त्या योगेंद्रला गाठ. रेघ पुन्हा मारा म्हणावं, पण चुन्याची पाटी तीच धरणार. त्या लोकांवर तिचा अजून विश्वास नाही. पण लखन तिला घरी हवाय.

पत्र मिळताच योगेंद्रकडे जा.
तुझा दादा
योसेफ