सतरा नंबरचं कासव

ता. ३, सोमवार

त्रिकोण बंद होत नाही!

तीन बाजू, प्रत्येक कोन साठ अंशांचा – शाळेत असल्यापासून पाठ आहे मला. संगणकावर आज्ञांचे ठोकळे लावले: शंभर पावलं पुढे, साठ अंश उजवीकडे, हेच तीनदा. पडद्यावरचं कासव चाललं, वळलं, चाललं, वळलं, आणि शेवटी भलतीकडेच तोंड करून थांबलं. मागे उघडी, वाकडी रेघ. असं एकतीस वेळा.

भाषेचे माझे तास निम्मे झाले. मोकळ्या झालेल्या निम्म्यांत संगणक शिकवायचा. मोठ्या बाई म्हणाल्या, "अहो, हे नवशिक्यांसाठीच केलंय. दहा वर्षांची पोरं करतात." चोवीस तारखेला तपासणीचे दोन साहेब येणार. ते वर्ग बघतील, मग ठरेल, पुढच्या वर्षी मी आहे की नाही.

शिक्षकाच्या खात्यातला प्रत्येक प्रयत्न मोठ्या बाईंना त्यांच्या खोलीत बसून दिसतो. हे एकतीस त्यांना माझ्या नावावर दिसू द्यायचे नव्हते. म्हणून नऊ नंबरच्या मशीनवर सतरा नंबरचं खातं उघडलं. पासवर्डांचा कागद माझ्याच कपाटात असतो. सतरा नंबरची मुलगी आठवडाभर आलेली नाही. खिडकीजवळ बसते. निबंधात कधी खाडाखोड करत नाही. चुकली की नवं पान घेऊन पहिल्यापासून लिहिते. वह्या लवकर संपतात तिच्या.

तिचं काय बिघडणार आहे?

ता. ४, मंगळवार

शाळा सुटल्यावर उघडलं, तर त्रिकोण बंद! साठच्या जागी एकशेवीस. माझे ठोकळे बाजूला सारलेले, शेजारी सगळं नव्याने मांडलेलं.

या कासवाच्या प्रोग्रामच्या माहितीत पहिल्याच पानावर लिहिलंय – 'चुकणाऱ्याला सांभाळून घेणारं'. म्हणजे हे असं. आपण घरी गेलो की ते आपणहून दुरुस्त करत असावं. आभार मानायचे की चिडायचं, कळेना.

ताईला सांगितलं. तीस वर्षं नर्स होती ती, तिला कशाचंच नवल वाटत नाही. "कासवाला तुझ्यापेक्षा जास्त कळतं म्हण की!"

ता. ६, गुरुवार

चांदणी. टोकाचा कोन छत्तीस. पाचदा. चांदणीऐवजी अर्धं कडं आलं.

ता. ७, शुक्रवार

एकशेचव्वेचाळीस! हे मला जन्मात सुचलं नसतं.

लगेच वर्गात शिकवली. मुलं खूश. मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, "बाई, तुम्हाला हे सगळं येतं?"

"येतं," म्हटलं. मग पाणी प्यायला बाहेर गेले.

ता. ११, मंगळवार

चौकोन माझा मला आला. कुणी हात लावलेला नाही!

ता. १२, बुधवार

मोठ्या बाईंनी जिन्यात गाठलं. "तुमची सतरा नंबर घरून काम करते वाटतं. रोज प्रयत्नांचे आकडे हलतायत. गुणी आहे हो पोरगी."

"हो," म्हटलं. दोन पायऱ्या उतरून गेले. तेव्हाच सांगता आलं असतं. दोन पायऱ्याच तर होत्या.

ता. १७, सोमवार

पटावरून कमी केलेली नावं आज लागली. सलग तीन आठवडे गैरहजर, तर जागा रांगेतल्या पुढच्या मुलाला. तीन नावं. सतरा नंबरनंही आज तीन आठवडे पूर्ण केले. ती यादीत नाही.

कारकुनाला विचारलं. विचारायला नको होतं.

"ती कशी असेल, बाई? खातं चालू म्हणजे मुलगी हजर. नियमच आहे तसा."

म्हणजे तिची जागा माझ्या चुकांवर टिकून आहे. आज खरं सांगितलं, तर उद्या तिथे दुसरं कुणी बसेल. नाही सांगितलं, तर सोमवारी साहेबांपुढे खोटं बोलायचं. सांगितलं तर माझीही नोकरी जाते, हे मी आत्ता शेवटी लिहिलं. मनात पहिलं तेच आलं होतं.

ता. १८, मंगळवार

ताईला सगळं सांगितलं. ती पालकाची जुडी निवडत होती.

"आणि पोरगी कुठाय?"

"माहीत नाही."

"कुणी विचारलं?"

"पत्र पाठवलं होतं घरी. उत्तर नाही."

"तीन आठवडे! शाबास. बसा पडदे बघत."

चपला घालून ती निघालीसुद्धा. मी मागे. पत्त्यावर कुलूप. खालच्या दुकानातला शिंपी मान वर न करता म्हणाला, "आई जिन्यावरून पडली तिची. कमरेचं हाड मोडलं. पोरगी दवाखान्यातच असते, दुसरं कोण आहे त्यांना?" कुठला दवाखाना? "ते नाही बुवा विचारलं."

त्यानंही नाही विचारलं. आईच्या फोनवर चारदा घंटा वाजली. कुणी उचलत नाही.

ता. १९, बुधवार

मोठ्या बाईंनी खोलीत बोलावून चहा दिला. "साहेबांना सतरा नंबरचंच काम दाखवायचं ठरलंय. एका दिवसात एकतीस प्रयत्न! अशी चिकाटी आजकाल बघायला मिळते का? तेवढं तिला त्या दिवशी हजर ठेवा."

"बघते," म्हटलं.

चहा तसाच राहिला.

ता. २०, गुरुवार

लॅबच्या मशीन्स सांभाळणाऱ्याला मुलं प्लगमामा म्हणतात. आता आम्हीही म्हणतो. तो वायरी गुंडाळत होता. बोलता बोलता मी म्हटलं, "हे आपणहून चुका दुरुस्त करतं ते मात्र चांगलंय."

तो हसायलाच लागला. "बाई, हे काही दुरुस्त करत नाही. चुकलं की थांबतं."

"मग सांभाळून घेतं म्हणजे?"

"म्हणजे शिव्या देत नाही!"



मग एकशेवीस कुणी केलं? एकशेचव्वेचाळीस कुणी केलं? पासवर्डांचा कागद माझ्याकडे. त्याची दुसरी प्रत मोठ्या बाईंकडे.

त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. घरून काम करते वाटतं. गुणी आहे हो. अशी चिकाटी. प्रत्येक वाक्य आता दुसऱ्या आवाजात ऐकू येतंय. मी साहेबांपुढे तोंडावर पडावं म्हणून चहा पाजला मला!

ता. २१, शुक्रवार

षटकोन लावला. आतला कोन एकशेवीस, सहादा. कासवानं एकच त्रिकोण दोनदा गिरवला. तसाच ठेवला.

ठोकळ्यांच्या शेजारी पिवळी चिठ्ठी डकवता येते. कासव ती वाचत नाही, ओलांडून जातं. माणसानं माणसासाठी लिहायची. त्यात लिहिलं – कोण आहे?

घाबरून लगेच पुसायला गेले, तेवढ्यात प्लगमामानं सगळ्या मशीन्सचं बटण खाली ओढलं. "चला बाई, साडेपाच!" चिठ्ठी साठवली गेली असणार. हे सगळं साठवतं.

ता. २२, शनिवार

शाळेला कुलूप. घरी मशीन नाही. दोन वेळा फाटकापर्यंत जाऊन आले. दोन्ही वेळा भाजी घेऊन. ताई म्हणाली, "आता खाणार कोण एवढी?"

ता. २३, रविवार

ताईनं तीन दवाखान्यांत ओळखीपाळखीनं चौकशी केली. नाही. चौथ्यात कुणी फोनवर धड बोललं नाही. उद्या सकाळी स्वतः जाते म्हणाली.

मी कबुलीचा अर्ज लिहिला. पाच वेळा. खाडाखोड नको म्हणून दर वेळी नवं पान घेतलं.

ताईनं वाचला. "यात तूच तू आहेस सगळीकडे. मुलगी कुठाय?"

सहाव्यांदा लिहिला. पहिलं वाक्य – सतरा नंबरची जागा तिच्यासाठी राखावी. मग बाकीचं.

ता. २४, सोमवार

सव्वासात. प्लगमामाकडून किल्ली घेतली. पडद्यावर षटकोन. माझे ठोकळे बाजूला, शेजारी सगळं नव्याने. पिवळ्या चिठ्ठीत माझ्या प्रश्नाखाली –

'मी सतरा नंबर. दवाखान्यातून आईच्या फोनवर रोज करते. षटकोनाला साठ. तुम्ही दर वेळी आतला कोन धरता, कासव बाहेरून वळतं. तुम्ही कोण?'

दहाला साहेब येतील. चिठ्ठी पुसली नाही. तिच्या प्रश्नाखाली माझं पूर्ण नाव लिहिलं.