शेअर बाजारात नेलेलं डांगर

मिरजगाव, सोमवार

प्रिय स्टेलामावशी,

तुला प्रभूमध्ये सलाम, आणि तुझ्या गुडघ्याला वेगळा सलाम, कारण जामखेडच्या बाहेर पडायचं की नाही हे हल्ली तोच ठरवतो म्हणे. आम्ही बरे आहोत. आई गेल्यापासून पप्पांचं सगळंच "हाय बरं" असतं, भाजी करपली तरीही.

आम्हा आर्थिक सल्लागारांच्या अभ्यासदौऱ्यातून मी मुंबईचा शेअर बाजार पाहून आले. सोबत घरचं एक माणूस चालणार होतं, म्हणून पप्पांना नेलं. (एकटीला भीती वाटते, असं त्यांना सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. हंगामाच्या सणाला चर्चमध्ये लोकांनी अर्पण केलेल्या कोंबड्या-भोपळ्यांचा लिलाव दरवर्षी पप्पाच पुकारतात, आणि यंदा ते पाळकसाहेबांना "दुसरं कुनी बघा" म्हणून आले होते. म्हटलं, देशातला एवढा मोठा लिलाव पाहून तरी घसा खाकरतील.)

कुणाकडे रिकाम्या हातानं जाऊ नये, म्हणून त्यांनी पिशवीत वेलावरचं अख्खं डांगर घेतलं. मी घरी समजावलं, बसमध्ये समजावलं, पण डांगर काही खाली उतरलं नाही. शेवटी ते शेअर बाजाराच्या दारातल्या तपासणी यंत्रात अडकलं. पडद्यावर मोठा गोळा, आत बिया. पहारेकऱ्यानं साहेबाला बोलावलं, साहेबानं त्याच्या साहेबाला. "डांगर हाय. घारग्यांना लई चांगलं," असं पप्पा प्रत्येकाला नव्यानं सांगत होते. शेवटचा साहेब सासवडकडचा निघाला. त्यानं टिचकी मारून पाहिली आणि डांगर धरून आम्हा तिघांना आत सोडलं.

आत काय पाहावं? शांतता! सगळं संगणकावर चालतं हे मला पुस्तकातून माहीत होतं, पण इतकं गप्प असेल असं वाटलं नव्हतं. पडद्यांवर आकडे धावतात, ओरडत कुणीच नाही. पप्पांचा चेहरा बघवेना. पुढं माहिती देणारे अधिकारी म्हणाले, काही शंका असतील तर विचारा. (ग्रामीण भागातल्या आर्थिक साक्षरतेवर मी एक प्रश्न पाठ करून नेला होता.) पण उठले पप्पा. "साहेब, घेनाऱ्याचं तोंड कुठं दिसतं?" ते दिसत नाही, म्हणाले. "मंग त्याला चढवायचा कसा?"

अधिकारी हसून म्हणाले, तुम्हीच दाखवा. पप्पांनी डांगर टेबलावर ठेवलं. मी आधी जमिनीकडे बघत होते. "ओ सांगलीकर, गप का? घरी इचारून सांगता का? नाशिककर बघा, खिशात हात घालून बसल्यात, हात काढा की भायेर!" मावशी, तो आवाज! सगळे सल्लागार एका डांगरावर तुटून पडले. (रास्त भावाच्या वर कधीही खरेदी करू नये, हे आम्हाला त्याच सकाळी शिकवलं होतं.) मी हसत होते आणि डोळे पुसत होते. "एक वार! दोन वार!"

आणि पप्पा थांबले. त्यांनी डावीकडे पाहिलं. चर्चमध्ये त्या बाजूला बायका बसतात, हे तिथं मला एकटीलाच ठाऊक. दोन वार झालं की आई हमखास बोली वाढवायची, आणि पप्पा सगळ्यांदेखत म्हणायचे, "आगं, आपलीच कोंबडी इकत घेऊन घरी नेतीस व्हय?" इथं डावीकडे नुसती भिंत. सांगलीकर हात वर करून उभेच होते. पप्पांना तीन वार म्हणता येईना. "ऱ्हाऊ द्या," म्हणाले, डांगर सांगलीकरांना तसंच देऊन टाकलं आणि माझ्या शेजारी येऊन बसले.

एकंदरीत दौरा उपयुक्त झाला. प्रमाणपत्रही मिळालं.

तुझी,
रेबेका

ता. क. : सण येत्या रविवारी आहे. पाळकसाहेबांनी दुसरा माणूस शोधलेला नाही. (शोधू नका, असं मीच सांगितलं.) मी गाडी पाठवते, तू ये. बायकांच्या बाजूला पुढं बस, आणि पप्पा दोन वार म्हणाले की बोली वाढव. वस्तूची किंमत तेवढी आहे का, ते बघू नकोस. हा सल्ला मी दुसऱ्या कुणालाही देणार नाही.

ता. क. २ : मात्र लगेच बोलू नकोस. आई आधी थोडा वेळ त्यांच्याकडे नुसतं बघायची.