नळावरचं नाक

असोज १२, बुधवार. सकाळी धुकं. भात केला. दुपारी शाळेच्या नळावर बसून आलो.

आदरणीय दाजू,

तुमच्या पायांवर डोकं ठेवतो. गुडघा आता आमची चढण चढण्याइतका बरा आहे का? मी बरा आहे. महिनोन्महिने घालायचे हे सुतकाचे पांढरे कपडे लवकर मळतात, एवढीच तक्रार.

तुमची बहीण खाऊच्या सुट्टीत शाळेच्या नळाशी स्टूल टाकून प्रत्येक पोराचे तळहात हुंगायची, हे तुम्ही पाहिलंय. साबणाचा वास आला तरच खाऊ. (घरी मलाही सूट नव्हती.) तिच्यामुळे भर पावसाळ्यात पहिलीचे बाक भरलेले असत. ती गेली आणि महिन्याभरात पोटं बिघडून अर्धी पहिली घरी बसली. मग शाळेतल्या मिस (त्याही मला आजोबाच मानतात) म्हणाल्या, "हजुरबा, आता तुम्हीच बसा." लहानपणी झाडावरून पडल्यापासून मला वास येत नाही, हे तेव्हाच सांगायला हवं होतं. पण स्टूल तिचं होतं. बसलो. आठवडाभर गंभीर चेहऱ्याने हुंगून सगळ्यांना पास केलं. आज पहिलीतल्या सुंतलीने (पुढचे दोन दात पडलेत) हात पुढे केले. मी म्हणालो, "वा! साबण!" अख्खी रांग हसून लोळायला लागली. पोरीने हाताला गुंद्रुक चोळलं होतं (आंबवलेल्या त्या भाजीचा वास म्हणे ओढ्यापलीकडे जातो).

"हजुरबा, तुम्हीपण आजीसारखेच!" ती म्हणाली. "तापानंतर तिलापण वास नव्हता येत. मीच पकडलं होतं तिला."

"मग तिला कळायचं कसं?"

"डोळ्यांत बघायची. ज्याने धुतले नाहीत तो खाली बघतो. तुम्ही नुसते हातच बघत बसता!"

त्या तापाला दोन वर्षं झाली, दाजू! मला पत्ता लागू दिला नाही. घरात एक तरी नाक चालू आहे, या भरवशावर मी जेवत होतो. गेल्या दसैंच्या सणाला तुम्ही दुसऱ्यांदा डाळ का घेतली नाहीत, ते आज कळलं.

मग मी रांगेतल्या एकेकाच्या डोळ्यांत बघितलं. तिघांनी मान खाली घातली आणि न सांगता नळाकडे वळले. बाई मोठी हुशार होती.

तुमचा मेहुणा,
हुमबहादुर

ता. क. दसैंला लवकर या. चुलीवर डाळ असताना घरात कुणाचं तरी नाक असलेलं बरं. (गुडघ्याचं निमित्त चालणार नाही.)

ता. क. पान वाढून घेतलंय. साबणाने हात धुतले. सवयीने पुढे केले. मग पुसले.