काकडीला दाखवलेलं बोट

आत्याबाई, सगळ्यांच्या आधी आली ती पलीकडची दूधवाली. किटली खाली ठेवायच्या आधीच विचारते, "नातीसंगं कुठल्या पोरी आल्यात गं? सोयरिकीचं हाय का काय?" म्हटलं, "शेतकी कॉलेजातल्या मैतरणी हायत, काकडीवरची माशी बघाय आल्यात." तशी ती बसलीच. माशी बघायला पावणं येतात हे तिनं जन्मात ऐकलं नव्हतं, आणि खरं सांगते, मीही नाही. नात म्हणजे तुमची पणती, जिला तुम्ही मांडीवर घेऊन काजळ घालत होता. आता पँट घालून परसातल्या काकडीच्या मांडवाखाली शिरते. मला तर बघूनच पोट भरतं.

तिनं मांडवाला एक प्लास्टिकची डबी टांगली. आत औषधात भिजवलेला लाकडाचा तुकडा. आम्हाला कसला वास आला नाही, पण दुपारची भांडी घासून होईतो डबीत माश्या पडायला लागल्या. म्हणाली, "आजी, ह्या सगळ्या नर हायत. वासानं खुळावून येत्यात नि मरत्यात. मग मादीला जोडीदार न्हाय, तिच्या अंड्यातनं अळीच निघत न्हाय." दूधवाली म्हणते, "आमच्या घरातल्याला बी एक डबी द्या की, गुत्त्याकडं जायचा तरी थांबंल!" पोरी हसून हसून दमल्या. मीही हसले. मग नातीनं एक कुजकी काकडी मोडून दाखवली. आत अळ्या वळवळत होत्या, आणि सालीवर एक ठिपका, सुई टोचल्यागत. "हितं माशीनं नांगी मारून आत अंडी घातली. काकडी कोवळी असतानाच." तिथं माझं हसू थांबलं.

कोवळ्या काकडीला बोट दाखवू नये, दाखवलं की कुजते, हे आपल्याकडं पोरंसोरंही पाळतात. दाखवायचंच तर बोट वाकवून दाखवायचं. तुमच्यानं ते कधी झालंच नाही. डोळ्यानं कमी दिसायचं, म्हणून फूल गळून काकडी धरली की जवळ जाऊन, बोट लावून, "ही बघ, आणि ही बघ की गं," असा आनंद. त्या साली सगळा मांडव पिवळा पडून गळला. तुम्ही ओसरीवर शेंगा फोडत बसलाय, चार बायका बसल्यात, आणि मी गळलेल्या काकड्यांची पाटी तुमच्यापुढं ओतते. "आत्याबाई, तुमच्या बोटानं गेलं बघा सगळं. परत मांडवाकडं यायचं न्हाय." तुम्ही हात पदराखाली घेतला.

त्यानंतर तुम्ही आपणहून परसात आला नाही. पाणी तापवायला चूल तिकडं, तरी दारातनंच विचारायचा, "येऊ का गं?" मी "या की" म्हणायची, पण मांडवाला पाठ करून बसायचा तुम्ही.

माशीचं मला आत्ता कळलं, हे खरं. पण पुढच्या साली तुम्ही मांडवाखाली पाऊल टाकलं नव्हतं, तरी काकड्या कुजल्याच की. त्या मी गुपचूप उकिरड्यात पुरल्या, तुमच्या नजरेला पडू नयेत म्हणून. तेवढं कळायला पोरींचं कॉलेज लागत नव्हतं. एकदा म्हणायचं होतं, "आत्याबाई, तुमचं बोट नव्हतं." सुनेनं सासूपुढं कमीपणा कसा घ्यायचा, ह्यात ते राहिलं, आणि मग तुम्ही अंथरूण धरलं, ते परत उठलाच नाही.

तुम्हाला वाचता येत नव्हतं, म्हणूनच एवढं लिहायचा धीर झाला. नातीनं जाताना विचारलं, "आजी, आधी तुम्हाला काय वाटायचं, काकडी कशानं कुजती?" मी म्हटलं, "आम्हाला काय कळतंय बाई." डबी भरली का बघायला बेस्तरवारी परत येतो म्हणाल्यात.