चौकोनी डोक्याची टोपडी

चि. जावईबापूंना सासऱ्याचे भरभरून आशीर्वाद.

तुमची तब्येत कशी आहे? लेकीची? बोटीची? (तिघांची चौकशी एका दमात उरकतो, कारण तुम्ही दोघं तिसरीच्या पोटात राहता.) इकडे माझा गुडघा कुरकुरतो, शिलाई मशीन कुरकुरतं. तुमच्या सासूबाई मात्र अजिबात कुरकुरत नाहीत, आणि त्याचाच मला घोर लागलाय.

झालं असं, की फोनवर तुमचा निरोप आला: 'बाबा, चार टोपडी शिवून पाठवा, इथलं ऊन सोसवत नाही, घट्ट बसायला हवीत.' आता तुम्ही शिडाच्या बोटीवाले डेकवरच्या झडपांच्या, म्हणजे खोलीच्या छतातल्या काचेच्या खिडक्यांच्या, कव्हरांना टोपडी म्हणता, हे आम्हा शिंप्यांना काय स्वप्नात कळणार? आमच्या दुकानात टोपडं म्हणजे तान्ह्या बाळाचं! मी निरोप मोठ्याने वाचला (चष्मा लावला की माझा आवाज आपोआप चढतो) आणि सासूबाई मशीन सोडून थेट शेजारी. चार टोपडी म्हणजे जुळी, दोन घालायला, दोन वाळत घालायला, हा हिशोब त्यांचाच. दिवेलागणीला गल्लीभर गोड बातमी! समोरच्या इस्त्रीवाल्याने माझं अभिनंदन केलं. मीही घेतलं, नाही कशाला म्हणा. मऊ मलमल काढली, झालर लावली, हनुवटीखाली नाड्या लावल्या.

मग तुमची मापं आली. वीस इंच लांब, वीस इंच रुंद. अहो, बाळाचं डोकं चौकोनी? सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या घराण्यावर गेलं असेल." शेवटी तुम्ही फोटो धाडलात: उन्हाने तडकलेली झडपेची काच आणि तिच्याखाली तुमची गादी. तेव्हा कुठे आमच्या डोक्यात उजेड पडला.

सासूबाईंनी झालर उसवली, घडी करून ठेवली आणि जाड कापड बेतायला घेतलं. तेव्हापासून घरात चकार शब्द नाही. जावईबापू, थट्टा पुरे. तुमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, लोक लेकीला काय काय विचारतात हे आम्हाला ठाऊक आहे. आम्ही कधी विचारलं नाही, विचारणारही नाही. ही फजिती तिच्या कानावर जाऊ देऊ नका. पोर हळवी आहे, मनाला लावून घेईल. पत्र वाचून फाडून टाका. (पाण्यात टाकू नका, मेलं तरंगत राहील.)

कव्हरं सोबत आहेत. कडेने इलास्टिक घातलंय, वादळातही हलायची नाहीत.

तुमचा,
सासरा

ता.क. लेकीला आईशी फोनवर बोलायला सांगा. कव्हरांबद्दलच बोलू दे, पण बोलू दे.

ता.क. दुसरा. अक्षर बदललंय, मी तुमची सासू. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं होतं, मी आधी वाचलं. कव्हरं मी शिवलीत, यांनी नुसतं पत्र शिवलं. लेकीला हे खुशाल दाखवा. मी नातवंडासाठी नाचले नव्हते हो. वाटलं, बाळंतपणाला तरी पोर माहेरी येईल, चार दिवस माझ्याजवळ राहील. तिला म्हणावं, कारण लागत नाही गं. नुसतीच ये.